गाणे तीन मिनिटांचे, मालिका रोजची: कायली मिनोगच्या नव्या चाहत्यांसाठी

ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोगचे एखादे गाणे कानावर पडते, दोन दिवस मनात घोळत राहते, तिसऱ्या दिवशी आपण तिची आणखी चार गाणी शोधून ऐकतो आणि बघता बघता तिचे चाहते होऊन जातो. पुढे कधीतरी कळते की गायिका म्हणून नाव होण्याआधी ती ‘नेबर्स’ नावाच्या ऑस्ट्रेलियन दैनंदिन मालिकेत काम करत होती आणि मोटार दुरुस्तीचे काम शिकणाऱ्या मुलीच्या भूमिकेत ती घराघरांत पोहोचली होती. पुष्कळ नवे चाहते ही माहिती वाचतात, त्यांना तिची गंमत वाटते आणि ते पुढच्या गाण्याकडे वळतात. मीही तेच केले होते आणि त्यामुळे माझी पहिली काही वर्षे अर्धवट गेली. तिची सुरुवातीची गाणी आणि ती मालिका एकाच काळात, एकाच प्रेक्षकांसमोर, एकमेकांच्या आधाराने वाढली. दोन्ही जोडीने घेतली की दोन्हींची गोडी वाढते. ती जोडीने कशी घ्यावीत आणि कोठे घाई टाळावी, हे नव्याने येणाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी दोन देशांच्या तारखा लिहून घ्या

पहिले काम वही-पेन्सिलीचे आहे. एका पानावर दोन उभे रकाने आखावेत, डावीकडे ऑस्ट्रेलिया आणि उजवीकडे ब्रिटन असे लिहावे, आणि वाचनात येणारी प्रत्येक तारीख योग्य रकान्यात टाकावी. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण त्यावाचून पुढचे काहीच नीट कळत नाही, कारण या दोन देशांनी कायलीला वेगवेगळ्या क्रमाने ओळखले.

‘नेबर्स’ ऑस्ट्रेलियात १८ मार्च १९८५ रोजी सेव्हन नेटवर्कवर सुरू झाली. त्या वाहिनीने ती त्याच वर्षी बंद केली आणि जानेवारी १९८६ मध्ये नेटवर्क टेन या दुसऱ्या वाहिनीने ती पुन्हा उभी केली. ब्रिटनमध्ये बीबीसी वनने २७ ऑक्टोबर १९८६ पासून ही मालिका अगदी पहिल्या भागापासून दाखवायला घेतली. त्यामुळे ब्रिटिश प्रेक्षक ऑस्ट्रेलियाच्या सुमारे दीड वर्ष मागे होते आणि हे अंतर पुढेही बराच काळ राहिले. कायलीची शार्लीन मिचेल ऑस्ट्रेलियाच्या पडद्यावर १७ एप्रिल १९८६ रोजी आली. शेजारच्या स्कॉट रॉबिन्सनशी, म्हणजे जेसन डोनोव्हनने साकारलेल्या मुलाशी, तिचे लग्न तेथे १ जुलै १९८७ रोजी दाखवले गेले. ब्रिटनमध्ये तेच लग्न ८ नोव्हेंबर १९८८ रोजी सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिले आणि तोपर्यंत ऑस्ट्रेलियात शार्लीन मालिका सोडून गेलेलीही होती, कारण तिचा शेवटचा भाग तेथे २६ जुलै १९८८ रोजी झाला होता.

आता याच रकान्यांत गाणी मांडून पाहा. ‘लोकोमोशन’ हे तिचे पहिले गाणे मशरूम रेकॉर्ड्सने ऑस्ट्रेलियात जुलै १९८७ मध्ये काढले, म्हणजे लग्न दाखवले गेले त्याच महिन्यात, आणि ते तेथे सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ब्रिटनमध्ये मात्र तिची गायिका म्हणून ओळख ‘आय शुड बी सो लकी’ या गाण्याने झाली. ते डिसेंबर १९८७ च्या अखेरीस आले आणि फेब्रुवारी १९८८ पासून पाच आठवडे अव्वल राहिले. ऑस्ट्रेलियाने आधी शार्लीनचे लग्न लावले आणि मग तिला गाताना ऐकले. ब्रिटनमध्ये मात्र गायिका कायली आणि लग्न न झालेली शार्लीन एकाच वर्षी, एकाच दिवशी सकाळी रेडिओवर आणि संध्याकाळी पडद्यावर भेटत होत्या. कायली आणि जेसन यांचे ‘एस्पेशली फॉर यू’ हे युगुलगीत नोव्हेंबर १९८८ च्या अखेरीस का आले आणि जानेवारी १९८९ मध्ये तेथे पहिल्या क्रमांकावर कसे गेले, याचे उत्तर उजव्या रकान्यात आपोआप दिसते. त्या प्रेक्षकांसाठी ते गाणे तीन आठवड्यांपूर्वीच लग्न झालेल्या जोडप्याचे होते.

त्या रकान्यात आणखी एक नोंद करावी. बीबीसी ही मालिका दुपारी दाखवत असे आणि तोच भाग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावत असे. १९८८ च्या आरंभी हे पुनःप्रसारण संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांवर आणले गेले. बीबीसीचे तेव्हाचे अधिकारी मायकेल ग्रेड यांना, शाळेमुळे मुलांची मालिका चुकते हे त्यांच्या मुलीकडून कळले होते, अशी त्यामागची हकीकत सांगितली जाते. शाळेतून घरी येऊन ही मालिका पाहणारी मुले हीच कायलीच्या तबकड्या विकत घेणारी मुले होती. तिच्या पहिल्या गाण्यांचा सोपेपणा या एका वेळेशी जोडून पाहिला की तो अधिक समजतो.

मालिका खिडकीपासून पाहावी, लग्नापासून नाही

मी मालिकेची सुरुवात लग्नाच्या भागाने केली होती. सर्वांत प्रसिद्ध भाग तोच, मग आधी तोच पाहावा, असा माझा सरळ हिशेब होता. चर्चमध्ये अँग्री अँडरसनचे ‘सडनली’ हे संथ गाणे वाजते, पांढऱ्या पोशाखातली शार्लीन हळूहळू चालत येते, स्कॉट वळून पाहतो, आणि संवादांपेक्षा गाणेच अधिक ऐकू येते. मला ते नीटनेटके वाटले, पण मनाला काहीही भिडले नाही. ज्या लोकांना मी ओळखतच नव्हतो, त्यांच्या लग्नाला मी गेलो होतो.

काही महिन्यांनी मी १९८६ च्या भागांकडे परत गेलो. स्कॉटला शेजारच्या घराच्या खिडकीतून कोणीतरी आत शिरताना दिसते. चोर आहे असे समजून तो त्या व्यक्तीला पकडायला जातो आणि वळून आलेला ठोसा त्याच्या तोंडावर बसतो. तो ठोसा शार्लीनचा असतो, आणि ती त्या घरात राहणाऱ्या मॅज मिचेलची मुलगी असते. पुढे या दोघांची मैत्री, तिचे आईशी सतत उडणारे खटके, मोटारीच्या कामाचा तिचा हट्ट, दोघांनी लग्नाआधी एकत्र राहायचे ठरवणे, त्याला घरच्यांचा विरोध आणि त्यातून निघालेला लग्नाचा मार्ग, हे सारे रोज थोडे थोडे घडत जाते. इतके पाहून झाल्यावर मी लग्नाचा भाग पुन्हा लावला. वळून पाहणारा मुलगा आता ठोसा खाल्लेला मुलगा होता, पुढच्या रांगेतली आई तीच भांडणारी आई होती, आणि मला डोळे पुसावे लागले.

म्हणून १९८६ च्या एप्रिलमधल्या शार्लीनच्या पहिल्या भागापासून सुरुवात करावी. जुने भाग कोठे आणि कोणत्या काळापर्यंत अधिकृतपणे पाहता येतात हे देशागणिक बदलते, तेव्हा आपल्याकडे काय मिळते ते आधी तपासावे. सलग भाग मिळत नसतील, तर तिच्या आगमनाचे पहिले दोन-तीन आठवडे, लग्नाआधीचे दोन आठवडे, लग्न, आणि शेवटी ती ब्रिस्बेनला निघून जाते तो भाग, एवढे टप्पे तरी याच क्रमाने पाहावेत. मधले कथानक सारांश वाचून भरून काढता येते, पण सुरुवातीचे आठवडे सारांशावर कधीही सोडू नयेत.

पाहण्याचा वेग हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि येथेच नवे लोक चुकतात. मालिका हा दुधासारखा रतीब आहे. ती रोज ठरावीक वेळी, ठरावीक मापाने घेण्यासाठी बनवलेली असते. जाहिराती वगळता एक भाग सुमारे बावीस मिनिटांचा असतो, त्यात बहुधा तीन धागे चालतात, एक धागा पुढे सरकतो, दुसरा रेंगाळतो आणि तिसरा हलका किंवा विनोदी असतो. शेवटच्या क्षणी कोणाच्या तरी चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो आणि शीर्षकगीत सुरू होते. रोज एक भाग पाहणाऱ्याला तो थांबलेला चेहरा चोवीस तास पुरतो. एका बैठकीत आठ भाग पाहणाऱ्याला तो अर्धा मिनिटही पुरत नाही, मग तोच प्रसंग पुन्हा समजावून सांगणारे संवाद त्याला कंटाळवाणे वाटतात आणि तो मालिकेला रटाळ ठरवतो. ते संवाद काल पाहू न शकलेल्या प्रेक्षकासाठी लिहिलेले असतात. शक्यतो रोज एक, फार तर दोन भाग पाहावेत, आणि पाहून झाल्यावर तीन धाग्यांपैकी कोणता पुढे गेला ते एका ओळीत लिहावे. महिनाभरात लेखकांची चाल तुमच्या लक्षात येऊ लागेल.

शार्लीन आणि स्कॉट यांच्यावरच डोळे लावून बसू नये. स्कॉटची आजी हेलन डॅनियल्स (अ‍ॅन हॅडी) ही त्या रस्त्यावरची समजूतदार वडीलधारी बाई आहे, मिसेस मँगल (व्हिव्हियन ग्रे) सगळ्यांच्या घरात नाक खुपसते, आणि मॅजचा जुना प्रियकर हॅरल्ड बिशप (इयन स्मिथ) पुढे तिचा नवरा होतो. मिसेस मँगलच्या चेहऱ्यावरची नाराजी टिपण्यासाठी मी काही भाग दोनदा पाहिले आहेत आणि ते दोनदा पाहण्याच्या योग्यतेचे आहेत.

शीर्षकगीत वगळून पुढे जाण्याची सवयही लावून घेऊ नये. ते टोनी हॅच आणि जॅकी ट्रेंट यांनी लिहिले असून बॅरी क्रॉकर यांनी गायले आहे. मालिकेचे जनक रेज वॉटसन यांनी आधी ब्रिटनमध्ये ‘क्रॉसरोड्स’ ही मालिका केली होती आणि तिचे संगीतही हॅच यांचेच होते. १९६० च्या दशकात ब्रिटिश पॉपमध्ये नावाजलेल्या माणसाची चाल रोज दोनदा वाजत असलेल्या मालिकेतून पुढे पॉप गायक निघावेत, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

गाणी वर्षांच्या क्रमाने, एका वेळी एक अल्बम

निवडक गाण्यांचा संग्रह लावून सगळी कारकीर्द दीड तासात ऐकता येते आणि पहिल्या आठवड्यात तसे ऐकायला हरकत नाही. त्यानंतर मात्र तो बाजूला ठेवून एका आठवड्याला एक अल्बम अशी गती धरावी. मालिकेचे भाग चालू असतानाच १९८८ चा ‘कायली’ आणि १९८९ चा ‘एन्जॉय युवरसेल्फ’ हे पहिले दोन अल्बम ऐकावेत, म्हणजे दोन्ही रतीब एकाच सुमारास चालतील.

हे दोन्ही अल्बम माइक स्टॉक, मॅट एटकिन आणि पीट वॉटरमन या लंडनच्या त्रिकुटाने घडवले. ‘आय शुड बी सो लकी’ची हकीकत चाहत्यांमध्ये पाठ असते. कायली लंडनला आली होती, तिच्या परतीच्या विमानाची वेळ जवळ येत होती, गाणे मात्र तयार नव्हते, आणि ती बाहेर थांबलेली असताना त्यांनी ते सुमारे चाळीस मिनिटांत लिहून काढले. ही हकीकत ऐकून लोक ते गाणे फुटकळ ठरवतात. त्यांनी एक प्रयोग करावा: चाल विसरून त्याचे शब्द सावकाश, मोठ्याने वाचावेत. ज्याच्यावर जीव जडला आहे त्याच्या लेखी आपण कोणीच नाही, आणि हे ठाऊक असूनही कल्पनेत त्याच्यासोबत राहणे थांबत नाही, अशी त्या मुलीची अवस्था आहे. १९९६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कवितांच्या एका कार्यक्रमात खुद्द कायलीने हे शब्द संगीताशिवाय कविता म्हणून म्हटले होते आणि तसे करण्याची कल्पना तिला ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हने सुचवली होती. आनंदी ठेक्याखाली दबलेले हे दुःख एकदा ऐकू आले की मालिकेशी असलेले नातेही दिसते. मालिका जेथे घडते त्या रॅमझी स्ट्रीटवरही ऊन लख्ख पडलेले असते, बागा हिरव्या असतात, आणि त्याच उन्हात कोणाचे तरी मन मोडत असते. ब्रिटिश मालिकांच्या ढगाळ रस्त्यांनंतर प्रेक्षकांना हीच गोष्ट वेगळी वाटली असणार, असे माझे मत आहे.

१९९० च्या ‘रिदम ऑफ लव्ह’पासून, विशेषतः त्यातल्या ‘बेटर द डेव्हिल यू नो’पासून, तिचा आवाज आणि तिचा स्वतःचा निर्णय दोन्ही पुढे येऊ लागतात. स्टॉक-एटकिन-वॉटरमनशी असलेला करार संपल्यावर ती डिकन्स्ट्रक्शन या छोट्या, नृत्यसंगीताच्या कंपनीकडे गेली आणि १९९४ मध्ये ‘कन्फाइड इन मी’ आले. त्या गाण्याच्या आरंभीची तंतुवाद्ये शांत खोलीत, शक्यतो कानात हेडफोन घालून, पूर्ण ऐकावीत. १९९५ मध्ये निक केव्हसोबत तिने ‘व्हेअर द वाइल्ड रोझेस ग्रो’ गायले. त्या काळ्या कथागीतात ती खून झालेल्या मुलीच्या तोंडून बोलते, आणि ज्यांनी शार्लीन पाहिलेली आहे त्यांना तेथे कायलीमधली अभिनेत्री लगेच ओळखू येते.

‘इम्पॉसिबल प्रिन्सेस’ या अल्बमवर मी नव्या चाहत्याला जरा जास्त थांबायला सांगेन. तो १९९७ मध्ये जपानमध्ये आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया व युरोपात आला. त्याआधी, ऑगस्ट १९९७ मध्ये, प्रिन्सेस डायना यांचा मृत्यू झाल्यामुळे ब्रिटनमध्ये त्याचे नाव बदलून केवळ ‘कायली मिनोग’ असे ठेवण्यात आले. त्यातील बहुतेक शब्द तिचे स्वतःचे आहेत. त्या वेळी ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याची फारशी कदर केली नाही, आणि ज्या वृत्तपत्रांनी १९८० च्या दशकात तिला ‘गाणारा चिमुकला पोपट’ अशा अर्थाचे हिणकस नाव दिले होते, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. आज चाहते त्याला तिच्या उत्तम कामांत मोजतात. तो पहिल्या ऐकण्यात आवडला नाही तर सोडून देऊ नये. मला तो चौथ्या वेळी आवडला.

पुढचा रस्ता सरळ आहे. २००० चे ‘स्पिनिंग अराउंड’ आणि ‘लाइट इयर्स’ हा अल्बम, मग २००१ चा ‘फीव्हर’. त्यातील ‘कान्ट गेट यू आऊट ऑफ माय हेड’ हे कॅथी डेनिस आणि रॉब डेव्हिस यांनी लिहिलेले गाणे आधी एस क्लब सेव्हन या गटासाठी सुचवले गेले होते, तेथे ते घेतले गेले नाही आणि कायलीकडे आले. त्याची रचना लक्ष देऊन ऐकावी. ‘ला ला ला’ हे निरर्थक शब्दच सुरुवातीला येतात आणि गाण्याचा खरा आधार तेच आहेत, अर्थ असलेल्या ओळी त्यांच्याभोवती फिरतात. ध्यास लागलेल्या माणसाच्या डोक्यात शब्द असेच संपून जातात आणि चाल तेवढी उरते. मे २००५ मध्ये तिला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, दौरा आणि ग्लास्टनबरी महोत्सवातला कार्यक्रम रद्द झाला, आणि ऑस्ट्रेलियात त्या बातमीनंतर स्तनांच्या तपासणीसाठी नाव नोंदवणाऱ्या स्त्रियांची संख्या लक्षणीय वाढली. ती नोव्हेंबर २००६ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभी राहिली आणि ग्लास्टनबरीला स्वतःचा कार्यक्रम तिने अखेर २०१९ मध्ये केला. त्या कार्यक्रमाचे चित्रण २००५ ची ही हकीकत माहीत करून घेतल्यावरच पाहावे. २०२० च्या ‘डिस्को’ने ब्रिटनमध्ये सलग पाच दशकांत अव्वल अल्बम देणारी पहिली एकल गायिका असा मान तिला मिळवून दिला, आणि २०२३ च्या ‘पदम पदम’ने २०२४ मध्ये तिला कारकिर्दीतले दुसरे ग्रॅमी पारितोषिक दिले. पहिले २००४ मध्ये ‘कम इन्टू माय वर्ल्ड’साठी मिळाले होते.

त्याच रस्त्यावरचे इतर गायक

एवढे झाल्यावर आजूबाजूला पाहावे. जेसन डोनोव्हनचा ‘टेन गुड रीझन्स’ १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वाधिक खपलेला अल्बम होता. नॅटली इम्ब्रूलियाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नेबर्स’मध्ये बेथची भूमिका केली आणि १९९७ मध्ये ‘टॉर्न’ने तिचे नाव जगभर पोहोचले. हॉली व्हॅलन्स आणि डेल्टा गुड्रेम याही त्याच मालिकेतून गाण्याकडे आल्या, आणि डेल्टाने साकारलेली नीना तर मालिकेतही गाणारी मुलगीच होती. कायलीची धाकटी बहीण डॅनी मिनोग १९८९ मध्ये ‘होम अँड अवे’ या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन मालिकेत आली. ती मालिका १९८८ पासून समर बे या काल्पनिक किनारी गावात घडते आणि तिचे बाह्यचित्रण सिडनीजवळच्या पाम बीचवर होते. तिची गती आणि तिचे वातावरण दोन्ही वेगळे आहे, तेव्हा ‘नेबर्स’ची सवय पक्की झाल्यावरच ती हाती घ्यावी.

तबकड्या घेताना

जुन्या तबकड्या गोळा करण्याची इच्छा होतेच आणि ती जरूर पुरी करावी. पहिली तबकडी स्वस्त आणि सहज मिळणारी घ्यावी, कारण ती हाताळायला शिकण्यासाठी असते. ती कडेला दोन्ही तळहातांनी धरावी, खोबणीला बोट लावू नये, उभी ठेवावी आणि उन्हापासून लांब ठेवावी. १९८० च्या दशकातील बहुतेक गाणी सात इंची आणि बारा इंची अशा दोन तबकड्यांवर येत. बारा इंची तबकडीवर गाण्याची वाढवलेली, नाचण्यासाठीची आवृत्ती असे आणि ती बऱ्याचदा अल्बमवर मिळत नाही. ‘लोकोमोशन’ची दोन वेगळी ध्वनिमुद्रणे आहेत, एक १९८७ चे ऑस्ट्रेलियन आणि एक १९८८ मध्ये लंडनमध्ये नव्याने केलेले. नवे लोक दुसरेच ऐकतात आणि त्यालाच पहिले समजतात.

एका विक्रेत्याने मला पुढच्या काळात छापलेली तबकडी मूळ म्हणून विकली होती आणि मीही केवळ वेष्टणावर विश्वास ठेवून ती घेतली. तेव्हापासून मी तबकडीच्या मध्यभागाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली अक्षरे आणि आकडे दिव्याखाली तिरपी धरून वाचतो आणि ती कागदी चकतीवरच्या क्रमांकाशी जुळतात का ते पाहतो. ‘आय शुड बी सो लकी’च्या मूळ ब्रिटिश सात इंची तबकडीचा क्रमांक ‘पीडब्ल्यूएल ८’ असा साधा आहे. लांबून खरेदी करताना या पट्टीचे छायाचित्र मागावे आणि देण्यास टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडून द्यावा. कार्यक्रमांच्या तिकिटांच्या बाबतीतही असेच आहे: अधिकृत विक्रीची तारीख आधी नोंदवून ठेवावी आणि अनोळखी माणसाने दाखवलेल्या तिकिटाच्या छायाचित्रावर पैसे देऊ नयेत.

मेलबर्नला गेलात तर

मेलबर्नच्या आर्ट्स सेंटरकडे कायलीने आपले अनेक पोशाख दिलेले आहेत. ‘स्पिनिंग अराउंड’च्या चित्रीकरणातली सोनेरी चड्डी तेथेच आहे. एका बाजारातून ५० पेन्सला घेतलेली ती वस्तू काचेमागे पाहताना तिची शिवण किती साधी आहे हेही लक्षात येते. प्रदर्शनात काय मांडले आहे ते मात्र जाण्याआधी तपासावे.

रॅमझी स्ट्रीट हा खरा रस्ता आहे, त्याचे नाव पिन ओक कोर्ट असून तो व्हर्मांट साउथ या उपनगरात आहे. तेथील घरांत माणसे राहतात. फुटपाथवरून पाहावे, आवाज न करता छायाचित्र घ्यावे, कोणाच्या अंगणात पाऊल टाकू नये, आणि दाराशी आलेल्या माणसाला आपल्या चित्रात ओढू नये. मालिकेतले आतले प्रसंग तेथे होतच नसत, ते नुनावाडिंगच्या स्टुडिओत होत असत, तेव्हा घरांच्या आत डोकावून काही सापडण्यासारखेही नाही.

शेवटचा भाग शेवटी

‘नेबर्स’ २८ जुलै २०२२ रोजी संपली, असे तेव्हा सर्वांना वाटले होते. २०२३ मध्ये ती अ‍ॅमेझॉनच्या पाठबळाने पुन्हा सुरू झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा थांबली. नव्या चाहत्याने २०२२ चा तो भाग मात्र मुद्दाम मागे ठेवावा. १९८६ चे, लग्नाचे आणि निरोपाचे भाग पाहून होईपर्यंत, आणि गाण्यांत किमान ‘फीव्हर’पर्यंत पोहोचेपर्यंत, त्याला हात लावू नये. त्यात स्कॉट आणि शार्लीन चौतीस वर्षांनंतर एकत्र गाडीतून रॅमझी स्ट्रीटवर परत येतात. कायलीच्या वाट्याला त्यात मोजकेच शब्द आहेत आणि केवळ कीर्तीसाठी तो भाग पाहणाऱ्यांची त्यामुळे निराशा होते. ती गाडीतून उतरून त्या घरांकडे पाहते, तेव्हा तुम्हीही त्यांतली ती खिडकी शोधू लागाल.